फिटरच्या गाडीतला पिवळा दिवा

सकाळी गाडीत बसलं की फिटर किल्ली फिरवायचा आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवायचा. डॅशबोर्डकडे बघायचंच नाही, निदान पहिल्या चौकापर्यंत तरी नाही, असं त्यानं ठरवलेलं. पण डोळ्यांचं कसं असतं, बघू नका म्हटलं की नेमके तिथंच जातात. आणि दिवा असायचाच. इंजिनाच्या आकाराचा, नखाएवढा, पिवळा. ना लुकलुकायचा, ना आवाज करायचा. घरातल्या कुणी अबोला धरावा तसा नुसता जळत राहायचा.

तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत फिटरनं गाडीला काय काय केलं नव्हतं ते विचारा. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला. स्पार्क प्लग बदलले. एअर फिल्टर नवा घातला. बॅटरीची तार काढून अर्धा तास बाजूला ठेवली आणि परत जोडली. दर वेळी दिवा जायचा, फिटर सुस्कारा सोडायचा, गाडी कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरून धप्पकन उतरायची, आणि येरे माझ्या मागल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर गॅरेजमध्ये का नाही नेली? सगळे हेच म्हणायचे. फिटर सांगायचा, "घरात फिटर असताना गॅरेज कशाला?" लोकांना वाटायचं, आहे बुवा माणसाला आपल्या हाताचा अभिमान. असू दे. अभिमान असता तर बरं झालं असतं. त्याला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

फिटर एका मोठ्या हॉस्पिटलात कामाला होता, एकतीस वर्षं. वय छप्पन्न. तिथं त्याला सगळे फिटरकाका म्हणायचे. हॉस्पिटल म्हटलं की लोकांना डॉक्टर दिसतात, नर्स दिसतात. पण खाटेचं चाक अडकलं, सलाईनचा स्टँड लुळा पडला, दाराची कडी लागेनाशी झाली, तर डॉक्टर काय करणार? तिथं फिटरच लागतो. आणि त्याचं मुख्य काम म्हणजे खाटांचे कठडे. म्हातारी माणसं झोपेत कुशीवर वळतात, म्हणून खाटेच्या दोन्ही बाजूंना उचलून लावायचे कठडे असतात. कठडा वर केला की त्याचा खटका खाचेत बसतो. बसला की माणूस सुरक्षित. नाही बसला, तर कठडा दिसायला उभाच दिसतो, पण माणूस टेकला की माणसासकट खाली येतो. तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा वॉर्ड, बावीस खाटा. तिथले सगळे खटके झिजले होते आणि गेल्या सहा महिन्यांत फिटरनं ते एकेक करून बदलले होते.

हे काम तो शिकला एका कारखान्यात, वयाच्या अठराव्या वर्षी. तिथं यंत्रांचा असा गोंगाट की शेजारच्या माणसानं कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये, आणि उजेड म्हणाल तर छताजवळच्या चार मळक्या काचांतून येईल तेवढाच. तिथल्या उस्तादांनी पोरांना एकच धडा दिला होता. डोळा फसवतो, कान फसवतात, बोट फसवत नाही. काम झालं की वाकून बघायचं नाही, बोटांना विचारायचं. पोरगं वाकून बघायला लागलं की उस्ताद मागून टपली मारायचे. त्या टपल्यांनी फिटर घडला. एकतीस वर्षं तो पत्र्यामागे, खाटेखाली, भिंतीच्या कपारीत हात घालायचा, तोंड दुसरीकडे वळवायचा, आणि बोटांना विचारायचा. बोटं सांगायची, बसलं. मग बसलेलंच असायचं. नर्सबाया कौतुकानं बघत राहायच्या. "काका, तुमच्या बोटांना डोळे आहेत," असं कुणीतरी म्हणायचं आणि फिटर लाजून हातरुमालानं हात पुसायचा.

सहा महिन्यांपूर्वी बोटांना मुंग्या यायला लागल्या.

आधी वाटलं, हातावर झोपलो असू. मग वाटलं, पान्यानं काम जास्त झालं. मग मुंग्या गेल्या आणि फिटर खूश झाला, पण मुंग्यांबरोबर बोटांची शेवटची पेरंही गेल्यासारखी झाली. चहाचा पेला हातात धरला की गरम आहे हे कळायला वेळ लागायचा, आणि कळायचं तेव्हा फोड आलेला असायचा. शर्टाची बटणं लागेनात. मग त्यानं युक्ती काढली, वरचं एक सोडून बटणं काढायचीच नाहीत, शर्ट डोक्यावरून चढवायचा आणि डोक्यावरूनच काढायचा. माणूस लपवायला लागला की किती हुशार होतो बघा.

पण लपवायचं कुणापासून? घरात होतं कोण? त्याची बायको चार वर्षांपूर्वी गेली. साखरेच्या आजारानं गेली. तिचंही असंच झालं होतं, आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग एक न भरणारी जखम, आणि मग एकामागून एक सगळं. मूलबाळ नाही. बायको गेली तेव्हा घरात राहिले दोघं, तो आणि तिची आई. सासूबाईंना दुसरं कुणी नव्हतं. तेराव्या दिवशी त्यांनी आपली पिशवी भरली होती, कुठं जायचं ते मात्र ठरलं नव्हतं. फिटरनं पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि म्हणाला, "आई, चहा टाका." एवढंच. त्यावर पुढं कधी बोलणं झालं नाही. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि छप्पन्न वर्षांचे जावई असा तो संसार चालला होता, आणि लोक हसत असतील तर हसोत, बरा चालला होता.

तर या बाईला जाऊन काय सांगायचं? की आई, तुमच्या लेकीला ज्यानं नेलं ते आता माझ्या बोटांत आलंय? फिटरच्या तोंडून ते निघेना. त्यानं स्वतःची समजूतही काढली होती. तिचं पायांपासून सुरू झालं होतं, आपलं बोटांपासून आहे, म्हणजे हे वेगळं. रक्त तपासायला खाली एक मजला उतरायचा होता, तेवढंही तो उतरला नव्हता.

अशात गाडीचा सेन्सर खराब झाला आणि फिटरनं मनाशी पैज लावली. हे काम आपल्या हातानं करायचं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेखालच्या पत्र्याच्या सांदीत सेन्सरचं सॉकेट होतं, दोन अर्ध्या भागांचं, वरची प्लॅस्टिकची जीभ खाली बसली की जुळणारं. हात जेमतेम जाईल एवढी जागा, म्हणजे बोटांचंच काम. हे जमलं आणि दिवा गेला, तर बोटं ठीक आहेत, वॉर्डातले कठडे ठीक आहेत, कुणाला काही सांगायची गरज नाही. दिवा नाही गेला, तर हॉस्पिटलातही सांगायचं आणि घरीही. पैज लावून बसला, आणि दिवा कायमचा जाईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरं तर दिव्याचा दोष नव्हता. फिटरनं बिघाडाचा कोड वाचायचं आणि पुसायचं एक छोटं यंत्र आणलं होतं. स्टिअरिंगखाली खोचायचं आणि मोबाइलवर बघायचं. यंत्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होतं, सेन्सरच्या जोडणीत बिघाड. फिटर म्हणायचा, जोडणी मी केलीय, जोडणीत बिघाड कसा असेल? सेन्सरच नवा असून खराब निघाला असेल. म्हणून दुसरा सेन्सर आणला. यंत्र म्हणालं, जोडणी. मग त्यानं प्लग बदलले. यंत्र म्हणालं, जोडणी. फिटरनं यंत्र पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाला, स्वस्तातलं आहे.

त्यात शेजारी. शेजारच्या घरात एक निवृत्त टायपिस्ट राहायचे. त्यांना सगळी इमारत सल्लागार म्हणायची. सल्लागारांनी जन्मात गाडी चालवली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी कुठं लागतो? ते हातात पेपर घेऊन बॉनेटपाशी उभे राहायचे.

"पेट्रोलमध्ये भेसळ असेल," सल्लागार म्हणाले.

"असेल," फिटर म्हणाला.

"उंदरानं वायर कुरतडली असेल."

"बघितलं."

"मग मी सांगतो तसं करा. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. माझ्या मेव्हण्यानं लावली, सात वर्षं झाली, गाडी उत्तम चाललीय."

फिटर हसला नाही, चिडलाही नाही. रात्री पोटभर झोपूनही सकाळी उठल्यावर अंग दुखावं, तसा त्याला आजकाल कायमचा थकवा होता. तो तहानेनं उठायचा, पाणी प्यायचा, पुन्हा आडवा व्हायचा. तो नुसता म्हणाला, "पट्टी आहे का तुमच्याकडे?" आणि सल्लागार खरंच घरी पट्टी शोधायला गेले.

एक मात्र होतं. या दुरुस्तीनं फिटरला एक पांघरूण मिळालं होतं. बोटाला फोड आला, की "सायलेन्सरला लागलं." कापलं, की "पत्र्यानं कापलं." हातातून बशी निसटली, की "हाताला ग्रीस होतं." सासूबाई विचारायच्या आणि फिटर गाडीवर ढकलायचा. गाडी काय, बिचारी बोलत नाही. कधी कधी त्याला वाटायचं, दिवा गेला तर आपण फोडांचं काय सांगणार? मग स्वतःचीच लाज वाटायची.

त्या आठवड्यात वॉर्डात एक गोष्ट घडली. तसं पाहिलं तर काहीच नाही. फिटर एकोणीस नंबरच्या खाटेचा उजवा खटका बसवत होता. हातातून स्क्रू पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी वाकून उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मोठ्या सिस्टर म्हणजे तीस वर्षं त्याच मजल्यावर काढलेली बाई, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"काका, बरं नाही का?"

"तेल लागलंय हाताला," फिटर म्हणाला.

सिस्टरांनी त्याच्या हाताकडे बघितलं. हात कोरडा होता. तेवढ्यात कुणीतरी घंटा दाबली आणि त्यांना जावं लागलं. फिटरनं खटका बसवला, बोटांना विचारलं, बोटं काही बोलली नाहीत. उकिडवं बसून त्यानं पुन्हा चाचपलं. मग कठड्याला वरून एक थाप मारली, कठडा हलला नाही, आणि तो उठला. एकतीस वर्षांत थाप मारून त्यानं कधी काम संपवलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यानं पुन्हा बॉनेट उघडलं. इमारतीच्या मागच्या बाजूला गाड्या लावायला फरशी केलेली होती, तिथं नऊ वाजता कोवळं ऊन यायचं. सासूबाई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन उन्हाला बसल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते आणि तेव्हापासून त्यांना जग नव्यानं मिळालं होतं. त्यांना भिंतीवरची कोळिष्टकं दिसायची, भांड्यांचे डाग दिसायचे, सल्लागारांच्या नाकावरची चामखीळ दिसायची. आणि जे दिसेल ते त्या बोलून दाखवायच्या.

"जावईबापू, तुमच्या शर्टाला मागं भोक पडलंय."

"असू द्या आई."

"असू द्या काय. काढून द्या, शिवते."

फिटरनं ऐकलं न ऐकलंसं केलं. आज त्यानं काचेखालचं प्लॅस्टिकचं झाकणही काढलं होतं, म्हणजे हात आणखी आत जाईल. इंजिन थंड होतं. त्यानं सॉकेट सोडवलं, फुंकर मारली, कापडानं पुसलं. मग दोन्ही अर्ध्या भागांना समोरासमोर आणून आत नेलं, तोंड उजवीकडे वळवलं, डोळे अर्धे मिटले आणि दाबलं. उस्तादांनी शिकवलं होतं तसं. बोटांना विचारलं.

"बसलं," तो स्वतःशी म्हणाला.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. गाडीच्या दुसऱ्या बाजूनं, चाकाच्या वरच्या पत्र्याला धरून वाकल्या. पदरानं कपाळावर सावली केली आणि सांदीत बघितलं. झाकण काढल्यामुळे त्यांना सगळं दिसत होतं.

"नाही बसलं," त्या म्हणाल्या.

"बसलंय आई. तुम्ही बसा, चक्कर येईल."

"अहो, मला दिसतंय ना. ती काळी जीभ वरच राहिलीय. मध्ये नखाएवढी फट आहे."

"आई, एकतीस वर्षं हेच करतोय मी."

"करत असाल. पण फट आहे."

फिटरला राग आला. खरं म्हणजे राग नव्हता तो. आई बरोबर सांगतायत हे त्याला कळलं होतं. त्यानं पुन्हा दाबलं, जोर लावून. बोटं काही सांगेनात. आहे की नाही, बसलं की नाही, काही नाही.

"बाजूला व्हा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि आपला सुरकुतलेला हात सांदीत घातला. त्यांचा अंगठा त्या जिभेवर टेकला. टक् असा आवाज झाला, सुपारी फुटावी एवढाच. तीन आठवड्यांत तो आवाज एकदाही आला नव्हता, आणि आला नाही हे फिटरच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानं ऐकायचा प्रयत्नच केला नव्हता, वाकून बघितलंच नव्हतं. सगळा भरवसा ठेवला होता तो बोटांवर.

सासूबाईंनी हात काढला, पदराला पुसला. मग त्यांनी फिटरचा उजवा हात धरला आणि उलटा केला. पेरांवरचे फोड बघितले, जुने, नवे, सुकलेले. त्यांनी तर्जनीच्या पेरात आपलं नख रुतवलं. फिटर नख बघत होता, हात मागे घेत नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने."

"आणि पाय?"

फिटर पायांकडे बघत म्हणाला, "परवा चप्पल निसटली पायातून. जिना उतरून खाली आल्यावर कळलं."

सासूबाईंनी त्याचा हात सोडला नाही. त्यांचे नवे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "माझ्या लेकीनं माझ्यापासून दोन वर्षं लपवलं," त्या म्हणाल्या. "मला त्रास नको म्हणून. मला त्रास झाला नाही का मग? तुम्ही दोघं नवराबायको अगदी एका माळेचे मणी."

"आई, मी सांगणार होतो."

"सांगणार नव्हता. सापडलात." त्यांनी नाक पुसलं. "चला, गाडी चालवून बघू. बसलंय तर बसलंय."

फिटरनं किल्ली फिरवली. यंत्रानं कोड पुसला. दिवा गेला. दोघं निघाले. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी धप्पकन उतरली, दिवा आला नाही. बाजारातल्या खड्ड्यांतून गेली, दिवा आला नाही. रेल्वे फाटकाचे रूळ ओलांडले, सासूबाईंची कवळी वाजली, दिवा आला नाही. तीन आठवडे ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता ती झाली, आणि गाडीत कुणालाही आनंद झाला नाही. फिटर डॅशबोर्डकडे बघत होता. आता तिथं काहीच नव्हतं, पण दिवा सासूबाईंच्या अंगठ्यानं गेला होता, म्हणजे तो पैज हरला होता.

फाटकाच्या पुढं त्यानं गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"कठडे," फिटर म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर बावीस खाटा आहेत. सगळे खटके मी बसवलेत आई. या सहा महिन्यांत. याच हातांनी."

सासूबाईंना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. "मग इथं काय थांबलात?" त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या आवारात त्यानं गाडी लावली. सासूबाई गाडीतच बसल्या. लेक याच इमारतीत गेली होती आणि त्यानंतर त्या या पायऱ्या चढल्या नव्हत्या. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी आहे इथं." फिटर लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेला. रविवार असल्यामुळे वॉर्डात गडबड नव्हती. नातेवाईक अजून यायचे होते. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि मोठ्या सिस्टर टेबलापाशी औषधांच्या वाट्या मांडत होत्या. त्याला बघून त्या उठल्या. त्याच्या शर्टाला मागं भोक होतं, हाताला ग्रीस होतं, आणि या वेळी खरंच होतं.

"सिस्टर, प्रत्येक कठडा ओढून बघायचाय," फिटर म्हणाला. "पण मी नाही बघणार. तुम्ही बघा. सैल निघाला तर पुन्हा बसवा, आणि खटका बसल्याचा आवाज आला तरच बसला म्हणा."

चाळीस-पन्नास पावलांचा तो वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. त्या पुढं, फिटर मागं. एक नंबर, डावा, बसलेला. उजवा, बसलेला. म्हातारे बघत होते. एका आजोबांनी विचारलं, "खाट विकायची आहे का?" सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासकट." आजोबा हसले. फिटरला हसू आलं नाही. दोन, तीन, चार, पाच, सहा. त्याला वाटायला लागलं, आपण उगाच घाबरलो. सात नंबरचा डावा कठडा सिस्टरांनी ओढला आणि तो त्यांच्या हातात आला, खाटेच्या बाहेर, सहज. खाट रिकामी होती. त्यावरचा म्हातारा बाथरूमला गेला होता. सिस्टरांनी कठडा उचलून जोरानं बसवला, टक् वाजलं, आणि त्या पुढं गेल्या. तो प्रत्येक खाटेच्या पायथ्याला हात टेकत चालू लागला.

आठ ते अठरा सगळे नीट होते. एकोणीस नंबरवर एक म्हातारा झोपला होता, उजव्या कुशीवर, पाठ डाव्या बाजूला आणि गाल उजव्या कठड्याला लावून. त्याचं सगळं वजन त्या कठड्यावर होतं. ज्याचा स्क्रू तीनदा पडला होता तो कठडा. सिस्टर खाली वाकल्या, खटक्याकडे बघितलं आणि हात वर करून फिटरला थांबायची खूण केली. फट होती. नखाएवढी. खटका खाचेच्या काठावर कसाबसा अडकला होता, म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. सिस्टरांनी एका हातानं कठडा आतून दाबून धरला, दुसऱ्या हातानं त्या माणसाचं डोकं उशीसह अलगद मध्ये सरकवलं आणि मग खटका बसवला. टक्. म्हातारा झोपेत काहीतरी पुटपुटला आणि तसाच झोपला. फिटर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते थांबवलं नाही. वॉर्डात रडणाऱ्या माणसाकडे कुणी फारसं बघत नाही.

वीस, एकवीस, बावीस. आणखी काही निघालं नाही.

टेबलाच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगलेली असते, काय बिघडलं ते लिहायची. वॉर्डात काही मोडलं की नर्स तीत लिहितात आणि फिटर येऊन बघतो. तारीख, जागा, काय बिघडलं, कुणाच्या लक्षात आलं, आणि शेवटी दुरुस्त झाल्याची सही. फिटरनं वही काढली. पेन बोटांत धरवेना, म्हणून मुठीत धरलं, आणि लहान मुलासारखी मोठी मोठी अक्षरं काढली. काय बिघडलं या रकान्यात त्यानं लिहिलं, फिटरची बोटं. कुणाच्या लक्षात आलं या रकान्यात लिहिलं, सासूबाई. सहीचा रकाना रिकामा ठेवला आणि वही सिस्टरांसमोर धरली.

मोठ्या सिस्टरांनी दोन्ही रकाने वाचले. हसल्या नाहीत. त्यांनी खण उघडून साखर बघायचं छोटं यंत्र काढलं आणि समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. फिटर बसला. सिस्टरांनी त्याचं मधलं बोट कापसानं पुसलं. त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं, खिडकीकडे, आणि डोळे अर्धे मिटून वाट बघत राहिला.

"टोचा ना," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"केव्हाच टोचलं," सिस्टर म्हणाल्या. "इकडे बघा."

त्यानं मान वळवून बघितलं. बोटावर रक्ताचा थेंब आलेला होता.